हार्वेस्टरच्या खेपा

१९९२च्या डिसेंबरात लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजचा ‘ड्यून टू’ हा कॉम्प्युटर गेम बाजारात आला. त्यात पैसा उभा करायचा मार्ग एकच होता. हार्वेस्टर नावाचं एक जडशीळ वाहन तळावरून निघे, वाळवंटातल्या केशरी-तपकिरी पट्ट्यावर जाऊन स्पाइस गोळा करी आणि पोट भरलं की रखडत परत येऊन रिफायनरीत शिरे. माल उतरत जाई तसतसा कोपऱ्यातला क्रेडिट्सचा आकडा चढे. भरल्या गाडीचे ७०० क्रेडिट. गाडीला ना बंदूक, ना वेग. वाटेत शत्रूचे रणगाडे भेटले तर गाडी गेली. वाळूखालून अजस्र अळी वर आली तर गाडी मालासकट गडप. आणि हे सगळं चुकवून गाडी पोचली, पण सायलोत जागाच उरली नसेल, तर जास्तीचा स्पाइस वाया.

ऊस फडात कितीही उभा असो, कारखान्याच्या काट्यावर चढेपर्यंत तो पैसा नसतो. स्पाइसचंही तसंच होतं. तो सगळ्यांना दिसत होता, कोणाच्याच मालकीचा नव्हता आणि जो खेप सुखरूप आणेल त्याचाच होता.

‘रिअल-टाइम स्ट्रॅटेजी’ हे नाव वेस्टवुडच्या ब्रेट स्पेरींनी रूढ केलं. यात पाळीपाळीनं चाल नसते. दोन्ही बाजू एकाच वेळी खेळत असतात आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. तळ बांधायचा, सैन्य उभं करायचं, समोरच्याला संपवायचं. या गेमांचा इतिहास बहुतेक वेळा लढायांच्या अंगानं सांगितला जातो. मला तो खेपांच्या अंगानं सांगावासा वाटतो. लढाई कुठे पेटणार आणि कधी, हे बहुतेकदा त्या मुकाट खेपांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं. आणि गेम रचणाऱ्यांची तीस वर्षांची खटपट पाहिली तर ती पुन्हा पुन्हा याच प्रश्नाशी येऊन थांबते: संपत्ती नकाशावर ठेवायची कुठे, आणि ती घरी आणायची कशी?

ड्यून टूच्या आधी या प्रश्नाला फारसं कोणी हात घातला नव्हता. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉन डॅगलो यांनी मॅटेलच्या इंटेलिव्हिजन या यंत्रासाठी ‘युटोपिया’ केला होता. दोन खेळाडू, दोन बेटं. मासेमारीची होडी माशांच्या थव्यावर नेऊन उभी केली की सोनं मिळे, आणि पिकांवरून पावसाचा ढग सरकला तरी मिळे. वादळ आलं की पीकही जाई. त्याच सुमारास डॅनिएल बंटन बेरी यांनी ‘सायट्रॉन मास्टर्स’ केला. त्यात वीज तयार करायची आणि ती खर्चून लढाऊ युनिटं काढायची, तीही घड्याळ चालू असताना. त्यांचाच १९८३चा ‘म्यूल’ हा गेम लढाईचा नव्हता, पण बाजार काय चीज असते हे त्याच्याइतकं नेमकं फार थोड्या गेमांनी दाखवलं असेल. विकणारे पडद्याच्या वरच्या कडेला, घेणारे खालच्या. विकणारा भाव उतरवत खाली चालत येणार, घेणारा चढवत वर जाणार, आणि वेळ संपायच्या आत दोघं जिथे भेटतील तो भाव. अन्न कमी पडलेल्या खेळाडूला शेजाऱ्याकडे अक्षरशः चालत जावं लागे. १९८९मध्ये जपानच्या टेक्नोसॉफ्टनं ‘हर्त्सोग त्स्वाय’ काढला. त्यात नकाशावरची ठाणी जिंकली की पैशाची आवक वाढे. वेस्टवुडच्या मंडळींनी तो खेळलेला होता आणि त्याचं ऋण ती मान्य करतात.

मात्र या कशातच खेप नव्हती. पैसा कुठून तरी येई आणि खात्यावर जमा होई. स्पेरी, जो बॉस्टिक आणि ॲरन पॉवेल यांनी पैशाला चाकं लावली आणि उघड्या वाळवंटातून चालायला लावलं. ही कल्पना निम्मी तरी फ्रँक हर्बर्टची होती, हे विसरता कामा नये. त्यांच्या १९६५च्या ‘ड्यून’ या कादंबरीतच स्पाइस गोळा करणारी अवाढव्य यंत्रं आहेत, अळी जवळ येताना दिसली की त्यांना उचलून नेणारी कॅरीऑल विमानं आहेत, आणि माल घ्यायचा की माणसं वाचवायची हा पेच आहे. कादंबरीतलं संकट गेमच्या अर्थव्यवस्थेचा कणा झालं. गेमांच्या दुनियेत असं क्वचित घडतं. एरवी कथा वरून चिकटवलेली असते.

ड्यून टूमध्ये आणखी एक बारकावा होता. इमारत किंवा रणगाडा बनवायला घेतला की त्याची किंमत एकदम कापली जात नसे. काम जसं पुढे सरके तसा पैसा थोडाथोडा जाई, आणि खडखडाट झाला की काम तिथेच अडे. पुढची खेप आली की पुन्हा सुरू. त्यामुळे वाळवंटात दूरवर हार्वेस्टर अडकला की इकडे तळावरचा अर्धवट रणगाडा तसाच पडून राही. दोन गोष्टींमधलं ते नातं खेळाडूला कोणी समजावून सांगावं लागत नसे.

कॅलिफोर्नियात पुढे ब्लिझार्ड म्हणून ओळखल्या गेलेल्या लहानशा कंपनीत सगळे जण ड्यून टू खेळत होते. तिथले प्रोग्रॅमर पॅट्रिक वायट यांनी १९९३मध्ये तसाच एक गेम लिहायला घेतला. स्वतःची चित्रं तयार होईपर्यंत त्यांनी चक्क ड्यून टूच्या पडद्यावरून उचललेली चित्रं वापरली, हे त्यांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. १९९४च्या नोव्हेंबरात ‘वॉरक्राफ्ट’ आला तेव्हा हार्वेस्टरच्या जागी हाडामांसाचा मजूर होता: माणसांकडे पेझंट, ऑर्क्सकडे पीऑन. एका गाडीच्या मोठ्या खेपेऐवजी पुष्कळ माणसांच्या लहान खेपा. खाणीत शिरायचं, पोतं घेऊन बाहेर यायचं, टाउन हॉलमध्ये टाकायचं, पुन्हा निघायचं. एका खेपेला १०० सोनं.

सोन्याच्या जोडीला त्यांनी लाकूड आणलं, आणि इथे रचनेत एक सुंदर गोष्ट घडली. झाड हा माल होता, तशीच ती भिंतही होती. दाट रानातून सैन्य जाऊ शकत नसे. पण तुमचेच मजूर रोज एकेक झाड पाडत असत. काही वेळानं तळामागच्या ज्या बाजूवर कधी पहारा ठेवावा लागला नव्हता, तिथे वाट पडलेली असे. कमाई करता करता खेळाडू स्वतःची तटबंदी खात होता. वॉरक्राफ्टनं किंमत मात्र आगाऊ आणि पूर्ण घेतली. खिशात नसेल तर काम सुरूच होणार नाही. त्यानं खेळाडूच्या मनात साठवण्याची सवय आली: थांबू आणि मोठं काहीतरी घेऊ, की आत्ताच लहानसहान उभं करू? पुढच्या तीस वर्षांत या एका निवडीवर जितके सामने जिंकले-हरले गेले तितके बहुधा कुठल्याच शस्त्रावर नसतील.

वेस्टवुडनं १९९५मध्ये ‘कमांड अँड कॉन्कर’ काढून उत्तर दिलं. तिथे टायबेरियम नावाचं हिरवं स्फटिक जमिनीतून उगवे, पसरे, आणि त्यावरून चालणाऱ्या पायदळाला जाळत राही. म्हणजे कमाईचं शेत आपोआप वाढतंय, आणि तेच शेत सैन्याच्या वाटेत विषासारखं पसरलंय. संपूर्ण शेत कापून टाकलं तर परत उगवायला वेळ लागणार, म्हणून जाणते खेळाडू थोडं बियाण्यासारखं राखून ठेवत. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘वॉरक्राफ्ट टू’मध्ये समुद्रातलं तेल आलं. तेलाच्या टँकरची वाट पाण्यातून, म्हणून नौदल हवं. नौदलाला पुन्हा तेलच हवं.

इथवरचा इतिहास दोन कंपन्यांच्या चढाओढीचा. १९९७च्या शरदात मात्र अवघ्या काही आठवड्यांच्या अंतरानं दोन असे गेम आले, ज्यांनी हा प्रश्न दोन विरुद्ध दिशांना ओढला.

पहिला टेक्ससमधल्या डॅलसच्या एन्सेंबल स्टुडिओजचा ‘एज ऑफ एम्पायर्स’. महाराष्ट्रातल्या एका सबंध पिढीला या प्रकाराची ओळख झाली ती याच गेममुळे आणि त्याच्या १९९९च्या दुसऱ्या भागामुळे. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, नाहीतर होस्टेलच्या लॅनवर रात्ररात्र जागून. ब्रूस शेली या गेमच्या रचनेत होते. सिड मायरबरोबर ‘सिव्हिलायझेशन’ घडवणारे तेच. त्यामुळे इथे चार तऱ्हेचा माल आला: अन्न, लाकूड, दगड, सोनं. शिवाय अन्न मिळवायच्या वाटाच कितीतरी. झुडपांवरची फळं, शिकार, मासे, शेती.

दुसऱ्या भागातली पहिली पाच मिनिटं जवळून पाहण्यासारखी आहेत. सुरुवातीला हाताशी साधारणतः तीन व्हिलेजर, म्हणजे मजूर, २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं, २०० दगड. एक व्हिलेजर तयार करायला ५० अन्न आणि २५ सेकंद. व्हिलेजर घडवणारी मुख्य इमारत, टाउन सेंटर, एक क्षणही रिकामी बसता कामा नये, म्हणजे दर २५ सेकंदांना ५० अन्न आलंच पाहिजे. जवळ मेंढ्या असतात, प्रत्येकीत १०० अन्न. त्या संपत आल्या की रानडुकराकडे वळायचं. त्याच्यात ३४० अन्न, पण ते माणूस मारतं. म्हणून एक व्हिलेजर पुढे जाऊन बाण मारतो, डुक्कर चवताळून त्याच्या मागे लागतं, तो जिवाच्या आकांतानं टाउन सेंटरकडे पळतो आणि तिथे बाकीचे सगळे मिळून डुकराला आडवं करतात. पन्नास पावलांवर मारलं असतं तर प्रत्येक खेपेला तितकी पायपीट झाली असती. शिकारीला स्वतःच्या पायांनी दारात चालत यायला लावणं, हा खेप वाचवण्याचा सगळ्यात धीट उपाय आहे. शिवाय मारलेलं जनावर कुजू लागतं. उशीर केला तर अन्न जातं. हे सगळं हाताच्या वेगावर आणि नजरेवर, आणि अजून शत्रूचा एक माणूसही दिसलेला नाही.

या गेमची खरी खोली शेवटी दिसते. शेत पुन्हा पेरता येतं. त्याला दर वेळी ६० लाकूड लागतं, पण रान बहुधा पुरतं. सोनं मात्र खणलं की संपलं. दोघांच्या सामन्यात नकाशावरचं सोनं आटलं, की भरवशाची आवक फक्त मठात आणून ठेवलेल्या अवशेषांची, म्हणजे रेलिकची. एका रेलिकमागे मिनिटाला ३०. मग सोन्यावर पोसलेले सरदार आणि तोफा दुर्मिळ होतात आणि अन्न-लाकडावर निघणारे साधे भालेकरी, फेकबहाद्दर, हलके घोडेस्वार मैदान भरून टाकतात. सामना लांबला म्हणजे गरिबीची लढाई सुरू होते. वेगळा नियम करायची गरज पडली नाही. कोणती गोष्ट संपते आणि कोणती उगवते, एवढ्यावर रचनाकारांनी सामन्याचे ऋतू ठरवले.

दुसरा गेम ख्रिस टेलर यांचा ‘टोटल ॲनिहिलेशन’. यानं खेपच रद्द केली. धातूच्या ठिकाणी यंत्र बसवायचं की धातू सेकंदासेकंदाला येत राहतो. सौर फलक आणि पवनचक्क्यांतून ऊर्जा येत राहते. पडद्याच्या माथ्यावर दोन पट्ट्या, दोन्हींसमोर आवक आणि जावक. किंमत भरण्याचा क्षणच नाही. जे बांधाल ते प्रवाहातून ओढून घेतं. एकाच वेळी दहा कामं काढलीत तर दहाही कासवगतीनं चालतील, आणि ऊर्जा तळाला गेली तर रडारपासून धातूच्या यंत्रांपर्यंत सगळं ढेपाळेल. साठवून ठेवण्यालाही मर्यादा. कोठार भरलं की पुढची आवक वाया. खेळाडूचं काम आकडा वाढवण्याचं राहिलं नाही. आवक-जावक तोलत राहायचं.

मला या गेममधली सर्वांत हुशार गोष्ट वाटते ती मोडीची. फुटलेल्या रणगाड्याचा सांगाडा मैदानात पडून राही आणि बांधकाम-युनिटं तो वितळवून धातू परत मिळवत. म्हणजे तुम्ही पन्नास रणगाडे शत्रूच्या तटावर धडकवून गमावलेत, तर ते नुसते गेले नाहीत. त्यांचा धातू त्याच्या दारात टाकून आलात. चुकीच्या हल्ल्याला एवढी कडक शिक्षा दुसऱ्या कुठल्याच गेमनं दिली नसेल. लढाई संपल्यावर मैदान कोणाच्या ताब्यात राहतं, याला इतकं वजन आलं. विकलेल्या प्रतींत हा गेम ‘एज’च्या जवळपासही नसेल, पण विचाराच्या नेटकेपणात मी त्याला वर ठेवीन.

आणि मग ३१ मार्च १९९८ रोजी ‘स्टारक्राफ्ट’ आला. ब्लिझार्डनं खेप परत आणली आणि तिला अशी घासूनपुसून धार लावली की त्यापुढे फारसं करायला उरलं नाही. माल दोनच: मिनरल्स आणि व्हेस्पीन गॅस. मिनरलच्या एका ढिगात १५००, एका खेपेला ८. गॅसच्या कुंडात ५०००, तोही खेपेला ८. कुंड आटल्यावर खेपेला फक्त २. मेख अशी की एका ढिगावर एका वेळी एकच मजूर काम करू शकतो. दुसरा आला तर थांबतो, नाहीतर दुसरा ढीग शोधत भटकतो. त्यामुळे एका तळावर मजूर वाढवत गेलात तर पहिले काही पूर्ण मोबदला देतात, पुढचे निम्मा, त्यापुढचे जवळजवळ काहीच नाही. मग एकच मार्ग उरतो: तटाबाहेर जाऊन दुसरा तळ उभारायचा. भित्र्यातल्या भित्र्या खेळाडूलाही हा नियम घराबाहेर काढतो, आणि बाहेर शत्रू असतो.

तीन वंशांचे मजूरही तीन तऱ्हांचे. मानवांचा एससीव्ही इमारत बांधत असेपर्यंत तिथेच अडकून राहतो. प्रोटॉसचा प्रोब इमारतीची सुरुवात करून देतो आणि लगेच खाणीकडे वळतो. झर्गचा ड्रोन स्वतःच इमारत होतो, म्हणजे प्रत्येक इमारतीमागे एक कमावता हात कायमचा जातो. तिघांच्याही खेपेला मिनरल तितकंच, पण बांधकामाचं मोल तिघांना वेगवेगळं पडतं.

या खेपांमागे एक तांत्रिक गोष्ट दडलेली आहे, आणि तीही वायट यांनीच लिहिली आहे. गेमचा सांगाडा वॉरक्राफ्टच्या चौकोनी घरांवर उभा होता, त्यावर तिरक्या कोनातली चित्रं चढवली गेली. वाट शोधणारा प्रोग्रॅम आधीच गुंतागुंतीचा झाला होता. चिंचोळ्या जागेत जाणारे आणि येणारे मजूर एकमेकांना अडवत आणि सगळी कमाई ठप्प होई. प्रकाशनाची तारीख डोक्यावर, नव्यानं लिहायला वेळ नाही. वायट यांनी सरळ सूट देऊन टाकली: मजूर खाणीकडे निघाला असेल किंवा माल घेऊन परतत असेल, तर त्याला कोणाचाही अडथळा लागणार नाही, तो इतरांच्या आरपार जाईल. पडद्यावर मजूर एकमेकांतून सरकतात ते त्यामुळे. खेळाडूंच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. शत्रूनं घेरलेल्या मजुरांना दूरच्या एखाद्या मिनरलच्या ढिगावर जायचा हुकूम द्यायचा, की ते फळी भेदून पलीकडे! ‘मिनरल वॉक’ नावाचा हा डाव पुढे व्यावसायिक सामन्यांत सर्रास दिसू लागला. घाईत काढलेली पळवाट खेळाच्या शास्त्रात जाऊन बसली.

दक्षिण कोरियात हे शास्त्र पूर्णत्वाला गेलं. १९९७च्या आर्थिक संकटानंतर तिथे पीसी बांग, म्हणजे गेम खेळायचे कॅफे, गल्लोगल्ली उघडले आणि स्टारक्राफ्ट हा त्यांचा मुख्य खेळ झाला. टीव्हीवर सामने दिसू लागले, खेळाडूंना पगारी संघ मिळाले. ‘बॉक्सर’ या नावानं खेळणारे लिम यो-ह्वान प्रसिद्ध झाले ते ड्रॉपशिपसाठी: सैन्य समोरासमोर न भिडवता विमानातून थेट शत्रूच्या मजुरांच्या रांगेत उतरवायचं. आठ-दहा मजूर मारले तर समोरच्याला तेवढे मजूर पुन्हा उभे करावे लागत, शिवाय मध्यंतरी न झालेल्या शेकडो खेपा कायमच्या बुडत. त्यांच्याच तालमीतला चोई यॉन-संग, ‘आयलव्हऊव्ह’, याची वाट उलटी. तो इतक्या शिस्तीनं तळ आणि मजूर वाढवी की सामन्याच्या मध्यावर त्याचं सैन्य समोरच्याला अविश्वसनीय वाटे. गुरूनं खेपा तोडायला शिकवलं, शिष्यानं जोडायला. कोरियन प्रेक्षकांना दोन्हींतलं कसब कळत होतं, हे मला फार मोठं वाटतं. स्टेडियममध्ये बसून लोक मजुरांची संख्या वाचत होते.

ब्लिझार्डच्या आतच मग उलटा विचार सुरू झाला. सगळा खेळ मजूर वाढवण्यात आणि सैन्याचा पूर काढण्यात जातो, मूठभर युनिटं कुशलतेनं लढवण्याला वाव राहत नाही. म्हणून २००२च्या ‘वॉरक्राफ्ट थ्री’मध्ये सैन्यावर कर बसला. रॉब पार्डो त्याचे मुख्य रचनाकार. पुढच्या वर्षीच्या विस्तारात आकडे असे ठरले: सैन्य आणि मजूर मिळून ५० पर्यंत अन्न लागत असेल तर खेपेचं सगळं सोनं तुमचं, ५१ ते ८० असेल तर दहातलं सात, त्याच्यापुढे दहातलं चार. मजूर तेवढेच, खाण तीच, खेपाही तितक्याच, फक्त हातात कमी पडतं. पुष्कळांना हे जाचक वाटलं. पण यामुळेच त्या गेममध्ये एकेक सैनिक वाचवण्याला किंमत आली.

ब्रायन रेनॉल्ड्स यांनी २००३च्या ‘राइज ऑफ नेशन्स’मध्ये वेगळं उत्तर काढलं. तिथे खाण आटतच नाही, रानही संपत नाही. त्याऐवजी आवकेलाच एक कमाल मर्यादा, जी व्यापारविषयक संशोधन करून वाढवावी लागते. आणि एकाच जातीची युनिटं काढत गेलात तर पुढचं प्रत्येक महाग. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या रेलिक एंटरटेनमेंटनं तर मजूरच काढून टाकले. ‘डॉन ऑफ वॉर’मध्ये सुरू झालेला विचार २००६च्या ‘कंपनी ऑफ हीरोज’मध्ये पुरा झाला. नॉर्मंडीचा नकाशा तुकड्यांत विभागलेला. जो तुकडा तुमच्या ताब्यात, त्याची दारूगोळ्याची किंवा इंधनाची आवक तुमची, अट एकच, तो तुकडा मुख्य तळाशी सलग जोडलेला हवा. शत्रूनं मधला एक तुकडा घेतला की पलीकडच्या सगळ्यांची आवक बंद. रसद तोडणं म्हणजे काय, हे एवढ्या थोडक्यात क्वचितच कोणी मांडलं असेल. ब्रिटनच्या बिटमॅप ब्रदर्सनं १९९६च्या ‘झी’मध्ये झेंडे आणि प्रदेश वापरून याच दिशेनं पाऊल टाकलं होतं, पण तिथे रसदेचा धागा नव्हता.

एन्सेंबलनंही २००५च्या ‘एज ऑफ एम्पायर्स थ्री’मध्ये खेप सोडली. दगड गेला, माल टाकायची कोठारं गेली. व्हिलेजर झाडाशी उभा राहून तोडतो आणि लाकूड आपोआप जमा होतं. कारण समजण्यासारखं आहे: नव्या खेळाडूला पायपिटीची कटकट नको. पण मला हे नुकसान वाटतं. कोठार कुठे बांधायचं, किती पुढे सरकवायचं, ही निवड गेल्यावर तळाचा आकार कशानं ठरणार? २००७च्या ‘द एशियन डायनॅस्टीज’ या विस्तारात भारतीय आले तेव्हा मात्र एक चांगली कल्पना आली. इतर बहुतेकांचा व्हिलेजर अन्नावर निघतो, भारतीयांचा १०० लाकडावर. त्यामुळे इतर बहुतेक जण शिकारीकडे धावत असताना भारतीय खेळाडूला पहिल्या क्षणापासून रानाकडे लक्ष द्यावं लागे. गाई मारता येत नसत. त्या पवित्र कुरणात राहून अनुभवाचे गुण मिळवून देत.

या सगळ्या वर्षांत एक तुटवडा पडद्यावर कुठेच मोजला जात नव्हता: खेळाडूच्या लक्षाचा. जुन्या स्टारक्राफ्टमध्ये नवा मजूर जन्मला की तो आळशासारखा उभा राही. त्याला हातानं खाणीकडे पाठवावं लागे. लढाई ऐन रंगात असताना दर काही सेकंदांनी घरी नजर टाकून एकेकाला कामाला लावायचं, यातच निम्मं कौशल्य होतं. २०१०च्या ‘स्टारक्राफ्ट टू’मध्ये मजूर जन्मतःच खाणीकडे जाऊ लागले. वाचलेलं लक्ष कुठेतरी खर्च व्हायला हवं, म्हणून ब्लिझार्डनं प्रत्येक वंशाला नवं काम दिलं. मानवांना मिळाला तो थोड्या वेळापुरता येऊन भराभर खणणारा यंत्रमजूर, आणि त्याचं नाव ठेवलं म्यूल, बंटन बेरींच्या गेमचं. २०१५च्या ‘लेगसी ऑफ द व्हॉइड’ या त्याच्या विस्तारात सुरुवातीचे मजूर ६ वरून १२ झाले. पहिल्या गेममध्ये ते ४ होते. सुरुवातीच्या शांत मिनिटांत प्रेक्षकांना पाहण्यासारखं काही नव्हतं, हे त्यामागचं एक कारण. जुन्या खेळाडूंना ती शांतता हवी होती, कारण लवकर हल्ल्याचे सगळे जुगार तिथेच खेळले जात.

तोवर बहुसंख्य खेळाडू दुसरीकडे गेलेही होते. वॉरक्राफ्ट थ्रीच्या नकाशांवर हौशी मंडळींनी घडवलेल्या ‘डोटा’त मजूर, खाण, तळाची बांधणी, काहीच उरलं नाही, एकच नायक, आणि सोनं मुख्यतः मिळणार ते चाल करून येणाऱ्या शिपायाला शेवटचा घाव तुम्ही घातलात तर. कमाई नायकाच्या तलवारीच्या टोकावर आली.

२०२१मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स फोर’ आला. एन्सेंबल तोवर बंद पडलं होतं आणि हे काम दिलं गेलं रेलिकला, ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी मजूरच हद्दपार केले होते. त्यांनी चारही माल परत आणले, कोठारं परत आणली, खेपाही परत आणल्या. त्याच नकाशांवर पवित्र स्थळंही ठेवली. ताबा घेतला की मिनिटाला १०० सोनं, मजूर नको, फक्त तिथे टिकून राहायचं. त्यांच्या जुन्या नॉर्मंडीची खूण अशी एज ऑफ एम्पायर्समध्ये उतरली. आणि दिल्ली सल्तनतीला त्यांनी असा नियम दिला की तिचं संशोधन फुकट. अन्न नाही, सोनं नाही, फक्त वेळ लागेल, इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. तो कमी करायचा तर विद्वान तयार करून मशिदीत बसवायचे. पण विद्वान सोन्याशिवाय तयार होत नाहीत, आणि इतरांच्या आधी पवित्र स्थळं ताब्यात घ्यायला दिल्लीला हेच विद्वान बाहेर पाठवावे लागतात. आत बसवले तर संशोधन लवकर होतं, बाहेर काढले तर सोनं येतं, आणि दिल्लीचा खेळाडू सामनाभर त्यांना मशिदीतून बाहेर आणि बाहेरून मशिदीत पाठवत राहतो.